पाकिटावरचा हात वर केलेला माणूस

मे महिन्यात मावसभाऊ लंडनहून आला तो येताना काजू घेऊन आला. वेंगुर्ल्यात! परसात काजू, पडवीत पोत्यांत काजू, आणि हा पाहुणा भेट म्हणून काजूचं पाकीट काढून देतो. हसणं ओसरल्यावर पाकीट हातोहात फिरलं. किंमत रुपयांत ऐकल्यावर वडिलांनी ते जपून टेबलावर ठेवलं. मागच्या बाजूला काळ्या चौकोनात निळी-हिरवी आकृती होती, कुणीतरी एक हात वर करून उभं असल्यासारखी.

शेजारच्या काकी तेव्हा आमच्याकडेच बसल्या होत्या. त्या काजूच्या कारखान्यात सोलायला जातात. आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो शिक्को कसलो रे?" भाऊ म्हणाला, "फेअर ट्रेड. म्हणजे शेतकऱ्याला आणि कामगाराला योग्य पैसे मिळालेत." काकींनी पाकिटातला एक गर काढून उजेडात धरला आणि "दोनशे चाळीस" म्हणून प्रत सांगून टाकली. म्हणजे एका पौंड वजनात साधारण २४० गर बसतील एवढा आकार. आमच्याकडे हे डोळ्यांनी मोजतात. मग त्यांनी विचारलं, "मगे कामगाराक काय गावता?"

भावाला सांगता येईना. मलाही तेव्हा अर्धवटच माहीत होतं. नंतर बरंच वाचलं, दोन-तीन जाणत्यांना विचारलं. हा लेख काकींच्या त्या एका प्रश्नापायी झाला आहे.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे मालावर तीन तऱ्हेचे शिक्के दिसतात आणि लोक ते एकाच माळेत ओवतात. हापूसला २०१८ साली मिळालं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. आमच्या वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते आहे. माल कुठला, एवढंच ते सांगतं. सेंद्रियचा शिक्का माल कसा पिकवला ते सांगतो. फेअर ट्रेडचा शिक्का सांगतो तो सौदा कोणत्या अटींवर झाला ते. त्यामुळे अस्सल देवगडचा, शंभर टक्के सेंद्रिय आंबा मातीमोल भावाने उचललेला असू शकतो. पहिल्या दोन शिक्क्यांचं त्यावर काहीच म्हणणं नसतं.

सौद्याच्या अटींची ही कल्पना तशी जुनी. १९६८ साली दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार परिषद भरली होती, तेव्हा गरीब देशांचा सूर होता की आम्हाला मदत नको, धड व्यापार द्या. पण दुकानातल्या मालावर शिक्का यायला १९८८ उजाडलं. मेक्सिकोतल्या वाहाका भागात डोंगरातल्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था होती. त्यांच्यात राहणारा फ्रान्स व्हान डर होफ हा डच पाद्री आणि हॉलंडमधला निको रोझेन या दोघांनी मिळून 'माक्स हावेलार' नावाचं लेबल काढलं. त्याआधी असा माल फक्त चळवळ्या लोकांच्या छोट्या दुकानांत मिळायचा. लेबल आल्यावर तो साध्या किराणा दुकानात इतर कॉफीशेजारी जाऊन बसला. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, कॉफीचा कोटा ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि भाव कोसळले. लेबलाची गरज कुणाला पटवून द्यावी लागली नाही. १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतली अशी लेबलं एका छत्राखाली आली आणि जर्मनीतल्या बॉनमध्ये मुख्य कार्यालय झालं. हात वर केलेला माणूस आला २००२ मध्ये.

आता पैशांकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

या शिक्क्याखाली शेतकऱ्यांच्या संस्थेला दोन प्रकारचे पैसे मिळतात. पहिला किमान भाव. हमीभाव आपल्याला ठाऊक आहे. फरक इतकाच की हा भाव सरकार देत नाही, खरेदीदाराने द्यायचा असतो. काजूला आणि आंब्याला केंद्राचा हमीभाव नाहीच, त्यामुळे आपल्याला ही कल्पना जरा नवलाची वाटते. हिशेब साधा आहे. धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीचा किमान भाव ऑगस्ट २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर ठरला. बाजार १.५० वर असला तरी खरेदीदाराला १.८० द्यावे लागतात. बाजार २.५० वर गेला तर २.५० द्यावे लागतात. म्हणजे दोहोंतला जो जास्त तो. भाव पडला की खाली जाळी लावलेली आहे, वर जायला आडकाठी नाही.

दुसरे पैसे प्रीमियमचे. कॉफीवर हा पौंडाला २० सेंट असतो, आणि बाजारभाव काहीही असो, तो वर वेगळा द्यावाच लागतो. हा कुणा एका शेतकऱ्याच्या खिशात थेट जात नाही. आमच्या वाडीचा फंड असतो ना, भजनाच्या पेटीपासून पाणंदीच्या डागडुजीपर्यंत कशावर खर्च करायचा ते बैठकीत ठरतं, तसाच हा. फक्त इथे सभेचं इतिवृत्त लिहावं लागतं आणि पैशाचा हिशेब दाखवावा लागतो. (आमच्या वाडीच्या फंडाला हा नियम लावला तर दोन घरं बोलायची बंद होतील.) कुणी त्यातून विहीर बांधतं, कुणी वाळवणासाठी सिमेंटचं खळं, कुणी मुलांच्या फिया भरतं, कुणी सभासदांत वाटूनही घेतं. निर्णय सभासदांच्या सर्वसाधारण सभेचा. खरेदीदाराने त्यात नाक खुपसायचं नाही.

तिसरी एक तरतूद आहे. तिचं नाव फारसं ऐकू येत नाही, पण कोकणातल्या माणसाला तीच सगळ्यात आधी कळेल. संस्थेने मागितलं तर खरेदीदाराने मालाच्या किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ देण्याची सोय करावी लागते. यात काय मोठं, असं ज्याला वाटेल त्याने कधी दलालाची उचल घेतलेली नाही. आमच्या चुलत्यांचं सांगतो. गणपतीला पैसे हवेत, फवारणीला पैसे हवेत, मग दलालाकडून उचल. एकदा उचल घेतली की मार्चमध्ये आंब्याची पेटी दुसऱ्याला घालायची सोय नाही. एप्रिलच्या अखेरीस पट्टी येते: वर पेट्यांची संख्या आणि लागलेला भाव, खाली गाडीभाडं, हमाली, आणखी काहीबाही, आणि सगळ्यात शेवटी 'उचल वजा'. एका वर्षी त्या कागदाच्या तळाशी जो आकडा उरला तो बघून चुलते नुसतेच हसले होते. भाव पाडून जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त या बांधून घेण्यातून होतं, असं माझं मत आहे. आगाऊ रकमेची अट नेमकी त्या गाठीवर घाव घालते.

हे सगळं ऐकून वडिलांनी विचारलं, मग आपण का नाही घेत हा शिक्का? आमची अडीच एकर आंब्याची कलमं, काजूची झाडं दोनशेच्या आतबाहेर.

एकट्याला तो मिळत नाही. छोट्या शेतकऱ्यांसाठीचा नियम संस्थेला लागू होतो, माणसाला नाही. सहकारी सोसायटी असो की शेतकरी उत्पादक कंपनी, बहुसंख्य सभासद छोटे हवेत, म्हणजे शेतातलं काम मुख्यतः घरची माणसंच करतात असे. त्यांना मत हवं, सभा खरोखर भरायला हवी. 'विना सहकार नाही उद्धार' ही पाटी आपल्याकडेही सोसायटीच्या भिंतीवर आहे, पण घाटावर जसे सहकारी साखर कारखाने उभे राहिले तसं कोकणात काही मुळं धरून राहिलं नाही. दोन सख्खे भाऊ एका कुंपणावरून वीस वर्षं कोर्टात, तिथे तीनशे जणांनी एकत्र माल घालायचा!

दूर कशाला, खाली केरळात हे झालेलं आहे. मलबारातल्या काजू, कॉफी, मसाले पिकवणाऱ्या हजारो छोट्या शेतकऱ्यांनी 'फेअर ट्रेड अलायन्स केरळ' ही संघटना बांधली आणि त्यांचा काजू युरोपात शिक्क्यासह जातो. ब्रिटनमध्ये 'लिबरेशन' ही सुकामेव्याची कंपनी निघाली, तिच्यात तर पिकवणाऱ्यांच्या संस्थांचाच हिस्सा. पाऊस तोच, जांभा तोच, झाड तेच.

संस्था झाली की तपासणी. ती शिक्का देणारे स्वतः करत नाहीत, फ्लोसर्ट नावाची वेगळी कंपनी करते. तीन वर्षांचं चक्र असतं, अधूनमधून भेटी, काही न सांगता. तपासनीस बागेपेक्षा कपाटात जास्त वेळ घालवतो असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सभासदांची यादी, कुणाची किती झाडं, किती माल आला, कुणाला किती पैसे दिले त्याच्या पावत्या, सभेचं इतिवृत्त, कुणी कोणतं औषध कधी फवारलं. औषधांची वेगळी यादी आहे, त्यातली काही साफ बंद. याचं महत्त्व काजूवाल्यांना सांगायला नको. कासरगोडच्या काजूच्या मळ्यांवर विमानातून एंडोसल्फान या कीटकनाशकाची फवारणी वर्षानुवर्षं चालली आणि तिथल्या वाड्यांनी काय भोगलं ते देशाने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाची बंदी यायला २०११ उजाडलं.

या कागदांना खर्च येतो. अर्जाचे पैसे, तपासणीचे पैसे, आणि नोंदी ठेवायला पगारी माणूस. तो सगळा संस्थेच्या गळ्यात. त्यावर कडी म्हणजे शिक्का मिळाला म्हणून गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. कितीतरी संस्थांच्या मालाचा एक वाटाच शिक्क्याच्या अटींवर खपतो, बाकीचा साध्या बाजारात साध्या भावाने जातो. तपासणी मात्र सगळ्याच मालाची झालेली असते. लग्नाचा हॉल बुक केला, जेवणावळ ठरवली आणि मुलगी अजून बघायची आहे, असा तो प्रकार. कुणी गावात येऊन आधी शिक्का काढा, मग बघू, म्हणाला तर त्याला चहा द्यावा आणि खरेदीदाराचं नाव विचारावं.

बाजार चढला की दुसरीच पंचाईत. २०२४ मध्ये कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. शिक्क्याचा किमान भाव तेव्हा होता २,४०० डॉलर. एवढ्या वर असताना खालची जाळी कुणाला आठवते? अशा वेळी दारात गाडी लावून रोख पैसे मोजणारा व्यापारी देवासारखा वाटतो. सभासद माल तिकडे घालतात आणि संस्थेचा करार लटकतो. आमच्याकडेही काजूबी गोळा करणारा टेम्पो येतो. तो सोसायटीपेक्षा किलोला दोन रुपये जास्त देतो, तेही हातावर, तेव्हा सहकाराची पाटी कुणी वाचत बसत नाही. आणि ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी टेम्पो येतच नाही.

आता काकी. इतका वेळ मी शेतकऱ्याबद्दलच बोलतोय हे त्यांनी ओळखलं असतं.

या व्यवस्थेत दोन दारं आहेत. एक छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांचं, ते आपण पाहिलं. दुसरं मोठ्या मळ्यांचं, जिथे पिकवणारा म्हणजे मजूरच असतो: चहा, केळी, फुलं. तिथे प्रीमियम मालकाला मिळत नाही. मजुरांनी निवडलेल्या समितीच्या खात्यात तो जमा होतो आणि तो कशावर खर्चायचा हे मजूर ठरवतात. युनियन करायची मोकळीक हवी, बालमजुरी आणि वेठबिगार नको, बाई-पुरुषात मजुरीचा भेद नको. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, तरी बागेत गवत काढायला 'गड्याला इतके, बाईला इतके' असे दोन आकडे अजून बिनदिक्कत बोलले जातात. असा भेद करणाऱ्या मळ्याला शिक्का मिळू नये असा नियम आहे. पण मळ्यांचं हे दार सगळ्या पिकांना उघडं नाही. कॉफी, कोको, साखर, कापूस यांत शिक्का फक्त छोट्यांच्या संस्थांना. यावरूनच २०११ मध्ये मोठी फूट पडली. अमेरिकेतली शाखा बाहेर पडली. तिचं म्हणणं, कॉफीच्या मळ्यावरच्या मजुराने काय घोडं मारलंय? राहिलेल्यांचं म्हणणं, मळेवाले आत आले की छोटा शेतकरी त्यांच्या स्वस्त मालाखाली चिरडेल. मला दोन्ही बाजू पटतात, आणि हे काही सोयीचं नाही.

आणि छोट्या शेतकऱ्याच्या बागेतल्या गड्याचं काय? हा प्रश्न कोकणाला फार जवळचा. आमच्या पट्ट्यात आंब्याच्या हंगामात राखणीला नेपाळी माणसं असतात. बायकोमुलांसकट कलमांखालच्या खोपटात राहतात, फवारणीचा पंप पाठीवर घेतात, रात्री माकडं आणि चोर दोन्ही हाकतात. बागायतदार कागदावर छोटा असेल, पण त्याच्याकडेही मजूर आहे. नियमपुस्तकात या मजुरांसाठी अटी आहेत. त्यातल्या काही मात्र मजूर मोठ्या संख्येने असतील तरच लागू होतात. दोन-तीन गड्यांची बाग त्या जाळीतून सहज खाली गळते. तपासनीस शे-दीडशे सभासदांतून मोजक्यांकडे जातो, आणि गेला तो नेमका ऑक्टोबर ते मे या काळातच जाईल असं नाही.

ही शंका फक्त माझी नाही. लंडन विद्यापीठाच्या सोआस संस्थेच्या अभ्यासकांनी इथिओपिया आणि युगांडात चार वर्षं काम करून २०१४ मध्ये अहवाल दिला. ज्या भागांत शिक्क्याच्या संस्था होत्या तिथल्या मजुरांना बऱ्याच ठिकाणी इतर भागांतल्या मजुरांपेक्षा कमीच पैसे मिळत होते. शिक्का देणारे म्हणाले, तुम्ही छोट्या शेताची तुलना मोठ्या मळ्याशी करताय. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण कष्ट करणाऱ्यांत सगळ्यात खाली असलेला माणूस यादीत नसतो, हे त्या अहवालाने दाखवून दिलं ते दिलंच.

काकी तर बागेतल्याही नाहीत, त्या कारखान्यातल्या. काजूबी वाळवायची, वाफवायची, मग कटिंग. पायाने दांडा दाबायचा, पात्यात बी फुटते, आतला गर अख्खा निघायला हवा. टरफलातलं तेल हातावर आलं की कातडी जळते. जुन्या बायका राख नाहीतर तेल फासून बसायच्या, आता कुठेकुठे हातमोजे असतात, पण मोज्यांनी हात मंदावतो आणि मजुरी किलोवर, म्हणून ते बऱ्याचदा बाजूला पडलेले असतात. भट्टीतून आलेल्या गरांची साल काढणं हे काकींचं काम. अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा त्याहून खाली. काकींच्या अंगठ्याचं नख एका बाजूने झिजून सपाट झालंय.

शिक्क्याचा काजू प्रक्रिया करणारा कारखानाही तपासणीत येतो: बालमजुरी नको, सक्ती नको, देशाचे कामगार कायदे पाळा. हे काही थोडकं नाही. पण प्रीमियम जातो तो शेतकऱ्यांच्या संस्थेकडे. सोलणाऱ्या बाईला त्यातलं काही मिळायचं तर संस्थेच्या सभेने तसं ठरवायला हवं. कारखाना संस्थेचाच असेल तर निदान बोलायची जागा असते. व्यापाऱ्याचा असेल तर तीही नाही. 'फेअर फॉर लाइफ' नावाचा दुसरा एक शिक्का पिकवण्यापासून प्रक्रियेपर्यंतच्या साखळीतल्या कामगारांकडे जास्त बघतो. बेडकाच्या चित्राचा 'रेनफॉरेस्ट अलायन्स' वेगळाच, त्यात किमान भाव ठरलेला नसतो. दुकानात सगळे शेजारी शेजारी असतात आणि सगळे हिरवे दिसतात.

जाता जाता गिऱ्हाइकासाठी एक गोष्ट. कोको, साखर, चहा आणि फळांचा रस यांत शिक्क्याचा माल आणि साधा माल कारखान्यात एकत्र होऊ शकतो. फक्त जेवढा घेतला तेवढाच शिक्क्याने विकला याचा हिशेब जुळायला हवा. म्हणजे चॉकलेटवर शिक्का असला तरी त्यातला कोको शिक्क्याखालच्या शेतकऱ्याचाच असेल असं नाही. पैसे मात्र त्याच्याकडे गेलेले असतात. बँकेतून आपण भरलेल्याच नोटा परत थोड्याच मिळतात?

हे सगळं मी काकींना एका संध्याकाळी सांगितलं, बरंच गाळून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे सभासद होवक काय लागता?"

म्हटलं, तुमची स्वतःची झाडं हवीत.

"माझी सात झाडां आसत घरामागे. ह्या वर्सा दोन मण बी गावली."

मग सातबारा काढायला सांगितला. आपल्याकडे संस्था उभी राहिली तर पहिला कागद तोच मागतील. काकींनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला जुना उतारा आणला. त्यावर एकोणीस नावं होती. सासऱ्यांचं होतं, त्यांच्या तीन भावांची, मुंबईतल्या पुतण्यांची, एका वारलेल्या नणंदेचंही होतं. काकींचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं नाव होतं. काकींचं नव्हतं.

त्यांनी उतारा परत पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. म्हणाल्या, "फाल्यां कारखान्यात खाडो करतंय नि तलाठ्याकडे जातंय."